मोकळी जागा कुणाच्या नावावर?

नगररचना खात्यातल्या माझ्या नोकरीची बरीच वर्षं पुणे शाखेत गेली आणि त्या काळात माझ्या टेबलावर मुख्यतः दोन तालुके होते, शिरूर आणि दौंड. हुद्दा रचना सहायकाचा. शेतजमिनीवर वसाहत पाडायची म्हणून कुणी अर्ज केला, की फाइल महसूल कचेरीतून किंवा नगरपरिषदेतून आमच्याकडे अभिप्रायासाठी यायची. नकाशा तपासायचा, जागेवर जाऊन यायचं, टिपणी लिहायची आणि वर पाठवायची, हे माझं काम. सही वरिष्ठांची, मंजुरी जिल्हाधिकाऱ्यांची नाहीतर मुख्याधिकाऱ्यांची. पण ओढा कुठून जातो, रस्ता किती मीटरचा आहे, खुली जागा कुठल्या कोपऱ्यात ढकलली आहे, हे कागदावर पहिल्यांदा लिहिणारा माणूस मी होतो.

त्या टिपण्या लिहिता लिहिता माझं एक मत पक्कं झालं आणि निवृत्तीनंतरही ते बदललेलं नाही. प्लॉटसाठी भांडायला मालक असतो. रस्त्यासाठी, ओढ्यासाठी, खुल्या जागेसाठी, स्मशानभूमीसाठी कुणीच नसतं. मोजणीला वीतभर हद्द सरकली तर माणूस कोर्टात जातो. पण वसाहतीतला सगळ्यांचा रस्ता दोन मीटरनं अरुंद झाला तर कुणाच्या घरची झोप उडत नाही. म्हणून नव्या वसाहतीचा निर्णय चांगला की वाईट, हे मी प्लॉटांकडे बघून कधीच ठरवलं नाही. प्लॉट सोडून उरलेल्या जागेकडे बघून ठरवलं.

एक जागा कायमची लक्षात आहे. रांजणगाव औद्योगिक वसाहतीच्या अलीकडे, महामार्गापासून थोडी आत, चारेक एकरांची पट्टी. नकाशा देखणा होता. चौकोनी प्लॉट, सरळ रस्ते, एका कडेला झाडांची चित्रं काढलेली खुली जागा. मी उन्हाळ्यात पाहणीला गेलो तेव्हा जमीन नांगरून सपाट केली होती. नकाशावर ओढा नव्हता. भूमी अभिलेखच्या जुन्या गावनकाशावर मात्र त्याच गटातून एक रेघ जात होती. शेजारच्या बांधावर एक म्हातारे शेतकरी बसले होते. त्यांना विचारलं, "आबा, इथून पाणी जातं का?" ते उठले, पट्टीच्या वरच्या अंगाला मला घेऊन गेले आणि काठीनं दाखवलं. "भाऊसाहेब, हा दरसाल येत नाही. पाच-सहा वर्षांनी येतो. पण आला की कुणाला विचारून येत नाही."

शिरूरच्या पठारावर पाऊस कमी. तालुक्याचा बराच भाग अवर्षणप्रवण. त्यामुळे ओढा कोरडाच दिसतो, आणि कोरडा ओढा बुजवताना कुणाला काही वाटत नाही. सप्टेंबरात परतीचा पाऊस दोन तासांत कोसळतो तेव्हा तेच पाणी जुन्या वाटेनं येतं आणि त्या वाटेवर आता कुणाचं तरी स्वयंपाकघर असतं. मी टिपणीत लिहिलं की ओढा त्याच्या मूळ वाटेनं उघडा ठेवावा, दोन्ही बाजूंना अंतर सोडावं आणि रस्ता ओलांडतो तिथे मोरी बांधावी. अर्जदाराचं म्हणणं होतं, खालून सिमेंटची नळी टाकू, वर प्लॉट राहू देत. नळीत पहिल्याच वर्षी प्लास्टिक आणि झुडपं अडकतात हे त्यांना माहीत होतं, मलाही माहीत होतं. पुढे फोन आले, मध्यस्थ आले, फाइल त्रुटी काढून परत गेली, पुन्हा आली. वरिष्ठ माझ्या टिपणीच्या पाठीशी उभे राहिले म्हणून ओढा वाचला आणि काही प्लॉट गेले. त्या वसाहतीत आज जे राहतात त्यांना यातलं काही ठाऊक असायचं कारण नाही. आमच्या कामाला यश आलं की काहीच घडत नाही, आणि मला त्यातच समाधान वाटायचं.

शिरूर आणि दौंड, दोन्ही गावांची ठेवण मुळातच वेगळी. शिरूर म्हणजे जुन्या माणसांच्या तोंडी घोडनदी. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला इथे कंपनी सरकारची छावणी होती. कोरेगावच्या १ जानेवारी १८१८ च्या लढाईतली पलटण इथूनच निघाली होती. गाव नदीच्या काठाला धरून वाढलं आणि मग पुणे-नगर रस्त्याच्या दोन्ही अंगांना पसरलं. दौंड रेल्वेनं घडवलं. पुण्याहून दौंडपर्यंत लोहमार्ग आला १८५८ मध्ये, दौंड-मनमाड फाटा झाला १८७८ मध्ये. रेल्वेच्या जमिनी, राज्य राखीव पोलीस दलाच्या जमिनी आणि भीमा नदी यांच्यामध्ये जेवढी जागा उरली तेवढं शहर. २०११ च्या जनगणनेत दौंड नगरपरिषदेची लोकसंख्या ४९ हजारांच्या घरात होती, शिरूरची ३७ हजारांच्या. पण हे आकडे हद्दीच्या आतले. वाढ झाली ती हद्दीला लागून असलेल्या ग्रामपंचायतींत. दौंडला गोपाळवाडी, लिंगाळी. शिरूर तालुक्यात महामार्गाच्या कडेनं कारेगाव, रांजणगाव, शिक्रापूर, सणसवाडी.

हद्दीबाहेर का, याचं उत्तर साधं आहे. जमीन स्वस्त, कर कमी आणि परवानगीची विचारपूस सैल. नगरपरिषदेला निदान स्वतःची विकास योजना असते. त्यात रस्ते आखलेले असतात, शाळेची, बागेची, बाजाराची आरक्षणं असतात. ग्रामपंचायतीच्या हद्दीत आधार होता तो पुणे प्रादेशिक योजनेचा, आणि ती १९९७ साली मंजूर झालेली. तेव्हा रांजणगावची औद्योगिक वसाहत नुकती उभी राहत होती, कारखान्यांच्या दोन पाळ्यांचा लोंढा कारेगावच्या फाट्यावर उतरायला अजून अवकाश होता. त्या योजनेत गावं बहुतांश हिरव्या रंगात होती, शेती विभाग म्हणून. गावठाणाच्या भोवती ठरावीक अंतरात निवासी परवानगी मिळायची. एवढ्या आधारावर हजारो माणसांची वस्ती रचायची होती.

मार्च २०१५ मध्ये पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण स्थापन झालं. शिरूरचा पश्चिमेकडचा औद्योगिक पट्टा आणि दौंडची यवतकडची गावं त्यात गेली. २०२१ मध्ये प्राधिकरणाचा प्रारूप विकास आराखडा प्रसिद्ध झाला आणि त्यावर साठ हजारांहून जास्त हरकती-सूचना आल्या. २०२५ मध्ये शासनानं तो प्रारूप आराखडा रद्दच केला. कुठल्या आरक्षणावर कुणाचा आक्षेप बरोबर होता, हा वाद मी इथे काढत नाही. मला एवढंच दिसतं की प्राधिकरण होऊन दहा वर्षं झाली तरी त्या गावांना नवा मंजूर आराखडा मिळाला नाही, आणि तेवढ्या काळात घरं बांधायचं कुणी थांबलं नाही. आराखडा उशिरा येतो तेव्हा रस्त्याची रेघ शेतातून जात नाही, कुणाच्या तरी ओट्यावरून जाते. मग त्या रेघेला विरोध होतो, आणि तो विरोध खोटा नसतो.

हरकतींच्या सुनावण्या मी जवळून पाहिल्या आहेत. प्रारूप योजना प्रसिद्ध झाली की नगररचना कायद्याच्या कलम २६ प्रमाणे लोकांच्या हरकती घेतात आणि कलम २८ प्रमाणे नियोजन समितीपुढे त्यांची सुनावणी होते. माणसं सकाळपासून येऊन बसतात. प्लास्टिकच्या पिशवीत सातबारा, फेरफार, मोजणीचा नकाशा आणि आजोबांच्या वेळचं वाटपपत्र. नाव पुकारलं की उठायचं आणि दोन मिनिटांत आयुष्याची जमीन सांगायची. "साहेब, रस्ता शेजारच्या बांधानं न्या." "साहेब, आमच्याच गटात शाळा का?" त्यांना मी कधी स्वार्थी म्हटलं नाही. दोन एकरांच्या, म्हणजे ८० गुंठ्यांच्या रानातून १८ मीटरचा रस्ता शंभर मीटर लांब गेला तर जवळजवळ १८ गुंठे गेले. त्याच्या बदल्यात रोख मोबदला द्यायला लहान नगरपरिषदेच्या तिजोरीत पैसे नसतात. हस्तांतरणीय विकास हक्क देऊ म्हणावं तर पुण्यामुंबईत ते विकले जातात, घोडनदीला घेणार कोण? त्या शेतकऱ्यानं विरोध करू नये तर काय करावं?

पण त्या सुनावण्यांत एक उणीव मला सतत टोचत राहिली. आरक्षण उठवा म्हणणारे रांगेनं यायचे. आरक्षण ठेवा म्हणून येणारा माणूस दुर्मीळ. ज्या मुलांना ती शाळा लागणार होती ती अजून जन्मायची होती, नाहीतर कुठल्या तरी भाड्याच्या खोलीत होती आणि त्यांच्या आईबापांच्या नावावर गावात काहीच नव्हतं. हरकत घ्यायला सातबारा लागतोच असं कायदा म्हणत नाही. कुणीही नागरिक सूचना देऊ शकतो. हे लोकांना सांगायचं काम कुणी केलं नाही. टिकलेलं आरक्षणही पुढे निसटायचं. त्याच कायद्याच्या कलम १२७ खाली दहा वर्षांत जागा ताब्यात घेतली नाही तर मालक नोटीस देतो, त्यानंतर मुदतीत संपादन झालं नाही तर आरक्षण व्यपगत होतं. नगरपरिषदांच्या सभांमध्ये असे विषय यायचे, पैशांची तरतूद नसायची, आणि बागेची जागा एका ठरावासरशी निघून जायची. सभागृहात त्या विषयाला पाच मिनिटंही लागत नसत. नळजोडांच्या विषयाला दोन तास लागत.

कारेगावच्या भाड्याच्या खोल्यांबद्दल सविस्तर लिहायला हवं, कारण नवी वसाहत म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे कमान आणि बंगले येतात. तालुक्यातली खरी नवी वसाहत म्हणजे या खोल्या. शेतमालकानं अर्ध्या एकरात समोरासमोर दोन ओळी बांधायच्या, प्रत्येक खोली दहा बाय दहा, मध्ये चार-पाच फुटांचा बोळ, शेवटी संडास, त्यालाच लागून शोषखड्डा, आणि शोषखड्ड्यापासून फार लांब नाही अशी बोअर. राहणारे बीड, लातूर, नांदेड, बुलढाण्याचे, उत्तर प्रदेश-बिहारचे. कारखान्याच्या पाळीप्रमाणे एकाच खोलीत दिवसा काही झोपतात, रात्री काही. कारखान्यांच्या भूखंडांची आखणी औद्योगिक महामंडळ करतं आणि ती आखणी चोख असते. रस्ते रुंद, पाणी, दिवे. कुंपणाच्या बाहेर पाऊल टाकलं की जबाबदारी ग्रामपंचायतीची. कारखान्यासाठी जमीन आखताना कामगार कुठे झोपेल याची जागा त्याच नकाशावर आखायला हवी होती, असं माझं ठाम मत आहे. हजारो माणसांची रोजी आणायचा निर्णय मुंबईत होतो आणि त्यांच्या सांडपाण्याचा प्रश्न पाच हजार वस्तीसाठी बनलेल्या ग्रामपंचायतीच्या अंगावर पडतो.

अशाच एका ओळीत पाहणीला गेलो असताना एक मावशी बोअरवर हंडा भरत होत्या. मुलगा कंपनीत, सून कंपनीत, नातवंडं यांच्याकडे. मी रस्त्याची मापं घेतोय हे पाहून त्यांनी विचारलं, "साहेब, तुम्ही सरकारी का?" हो म्हटल्यावर म्हणाल्या, "मग एवढं विचारा वर. आमच्यात कुणी गेलं तर न्यायचं कुठं? मागच्या साली शेजारचा गेला, गाडी करून गावाला नेला. वीस हजार गेले." गावाच्या स्मशानभूमीत मनाई होती असं त्या म्हणत नव्हत्या. आपण तिथले नाही, विचारायचं कुणाला, असं म्हणत होत्या. मी त्या दिवसानंतर मोठ्या ले-आऊटच्या प्रत्येक टिपणीत दहनभूमीचं अंतर लिहायला लागलो. नियमात तसा रकाना नव्हता. वरिष्ठांनी एकदा विचारलं, मी कारण सांगितलं, त्यांनी ते तसंच राहू दिलं.

याच्या उलट, स्मशानभूमीसकट अख्खं गाव आखल्याचं चित्र दौंड तालुक्यात आहे आणि ते फार कमी लोकांच्या लक्षात येतं. पानशेत आणि वरसगाव धरणांमुळे आंबी आणि मोसे नद्यांच्या खोऱ्यांतून उठलेल्या मावळी कुटुंबांपैकी अनेकांना दौंड तालुक्यात जमिनी आणि घरांच्या जागा मिळाल्या. धोरण असं की ज्यांच्या घरांवर पाणी आलं त्यांना त्याच पाण्याच्या लाभक्षेत्रात वसवायचं. ते पाणी घेऊन खडकवासल्याचा कालवा दौंडमधून पुढे इंदापूरकडे जातो. या पुनर्वसनासाठी स्थानिक शेतकऱ्यांच्या जमिनी स्लॅब लावून, म्हणजे ज्याची जितकी जमीन त्या प्रमाणात, घेतल्या गेल्या आणि कित्येकांच्या सातबाऱ्यावर 'पुनर्वसनासाठी राखीव' हा शेरा वर्षानुवर्षं राहिला. दोन्हीकडची माणसं दुखावली. डोंगरात भात लावणाऱ्यांना काळ्या रानात ऊस शिकावा लागला. सुविधाही वेळेवर आल्या नाहीत. १८ नागरी सुविधा हे शब्द धरणग्रस्तांच्या मोर्चांत मी इतक्यांदा ऐकले की ते पाठ झाले.

तरीही त्या नवीन गावठाणांचे नकाशे बघताना मला बरं वाटायचं. रुंद सरळ रस्ते, शाळा, समाजमंदिर, विहीर, गुरांसाठी जागा, आणि गावाच्या एका कडेला स्पष्ट लिहिलेलं: स्मशानभूमी. ज्या कुणी ते आखले त्यांनी माणूस जन्मापासून मरणापर्यंत तिथे राहणार आहे असं धरून आखले. शासनाला धरणग्रस्तांसाठी हे सुचलं, कायद्यात लिहिता आलं, मग खासगी वसाहतीत घर घेणाऱ्यासाठी का नाही? तीन-चारशे प्लॉटांची वसाहत म्हणजे एक गावच. एकेका मालकानं चार-चार एकरांचे तुकडे मंजूर करून घेतले, तर प्रत्येक तुकड्यात दहा टक्के खुली जागा सुटते, म्हणजे सोळाएक गुंठे. पण सगळे तुकडे मिळून जे गाव तयार होतं त्याला शाळेची जागा कुठेच नसते. प्रत्येक फाइल नियमात बसते. बेरीज बसत नाही.

या बेरजेचं सगळ्यांत उघड उदाहरण म्हणजे दौंडची कुरकुंभ मोरी. शहर रेल्वेनं दोन भागांत कापलेलं. रुळांखालून जाणारी ती अरुंद वाट हाच रोजचा रस्ता. पावसाळ्यात तिथे पाणी साचतं, आणि एक ट्रॅक्टर अडकला की शाळा, दवाखाना, बाजार सगळं अडतं. नव्या मोरीचं काम किती वर्षं रेंगाळलं हे दौंडकरांना मी सांगायला नको. गोपाळवाडीच्या बाजूला एकेक ले-आऊट मंजूर होत गेला. प्रत्येकाला पोहोचरस्ता होता, रुंदी होती, सगळं होतं. त्या सगळ्या घरांतली माणसं सकाळी कुठल्या वाटेनं निघणार, हा प्रश्न कुठल्याही एका फाइलचा नव्हता. मी अभिप्रायात मोरीचा उल्लेख करायचो. तो वाचून परवानगी नाकारता येत नव्हती, कारण एका शेतकऱ्याचा हक्क रेल्वेच्या मोरीसाठी अडवणं न्यायाचं झालं नसतं. पण निदान नगरपरिषद, ग्रामपंचायत आणि रेल्वे यांच्या कागदावर ते एकदा तरी यावं, एवढी धडपड होती.

भीमेच्या काठची गोष्ट वेगळी, तिथे नियम स्पष्ट आहेत. पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची ती निळी रेषा, शंभर वर्षांतल्या एका पुराची ती लाल. निळ्या रेषेच्या आत घर नाही. निळ्या-लालच्या मध्ये अटींवर. रांजणगाव सांडसजवळ मुळामुठा भीमेला मिळते. पुण्यात खडकवासल्यातून पाणी सोडलं की इकडे नदी फुगते आणि उजनी धरणाकडे डोळे लावून बसलेला सोलापूर जिल्हा दौंडचा विसर्ग किती झाला हे विचारत राहतो. म्हणजे नदीचं मोजमाप रोज होतं, लोकांच्या तोंडी असतं. तरी उन्हाळ्यात नदीकाठची जागा दाखवून निळ्या रेषेच्या आत एक-एक गुंठा विकणारे भेटतात. घेणारा बहुतेक वेळा बाहेरगावचा. गावातला माणूस तिथे गुरंसुद्धा बांधत नाही.

आणि हा गुंठाच आमच्या सगळ्या नियमांच्या पुढे धावला. तुकडेबंदीचा कायदा १९४७ चा. शेतीचे बारीक तुकडे होऊ नयेत हा त्याचा हेतू. तुकड्याची खरेदी होत नसे म्हणून कायद्यात बसेल असं अकरा गुंठ्यांचं सामायिक खरेदीखत करायचं, त्यात आठ-दहा अनोळखी माणसांची नावं, आणि कोण कुठे बांधणार हे नोटरीच्या कागदावर. मंजूर नकाशा नाही, म्हणून रस्ता एजंटानं फक्कीनं आखला तेवढाच. २००१ साली गुंठेवारी कायदा आला, त्यात १ जानेवारी २००१ पूर्वीची बांधकामं नियमित करायची सोय होती. २०२१ मध्ये ती मुदत ३१ डिसेंबर २०२० पर्यंत वाढवली. तुकडेबंदीतही अलीकडे सवलतींचा निर्णय झाला. ज्यानं आयुष्यभराची कमाई घातली त्याचं घर पाडू नये, या मताचा मी आहे. परंतु नियमित होतो तो गुंठा. बोळ होता तेवढाच राहतो. दहा फुटांच्या बोळात रुग्णवाहिका आजही जात नाही, अग्निशमनाचा बंब तर नाहीच. नियमित करायचं शुल्क भरून घेताना त्याच पैशातून त्या वस्तीला एक तरी गाडीचा रस्ता आणि एक तरी मोकळी जागा विकत घ्यायची अट त्या कायद्यांत असती, तर पुढच्या पिढीनं दुवा दिला असता.

ज्यांना गुंठाही परवडत नाही त्यांचं काय, हाही प्रश्न याच नकाशातला. घरकुल मंजूर होतं, पण बांधायला जागा नाही, अशी पारधी, वडार, भूमिहीन शेतमजुरांची कुटुंबं दोन्ही तालुक्यांत आहेत. दीनदयाळ उपाध्याय योजनेतून जागेसाठी आधी ५० हजार रुपये मिळायचे. महामार्गाच्या पट्ट्यात तेवढ्यात घरकुलापुरती पाचशे चौरस फूट जागा कोण देणार होतं? ग्रामपंचायत गायरान मागते. गायरानावर, गावच्या सामाईक जमिनी मोकळ्या ठेवायला सांगणाऱ्या जगपालसिंह खटल्यातल्या २०११ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाचं सावट आहे. एका ग्रामसभेत मी हजर होतो. गायरानातून घरकुलांना जागा द्यायचा ठराव होता आणि विरोध करणाऱ्यांनी गुरांच्या चराईचं कारण काढलं. तेव्हा एक तरुण उठला आणि शांतपणे म्हणाला, "तात्या, गावात आता चरायला सोडलेलं एक जनावर दाखवा." सभेत खरंच कुणाकडे उत्तर नव्हतं. तरी ठराव झाला नाही. भीती गुरांची नव्हतीच; शेजार कुणाचा येणार याची होती. नव्या वसाहतींच्या निर्णयांत ही गोष्ट कुणी लिहून ठेवत नाही, म्हणून मी लिहितो.

माझ्या निवृत्तीनंतरचं काम यातूनच निघालं. ले-आऊट मंजूर होतो, मोजणी होते, भूमी अभिलेखकडून कजाप, म्हणजे कमी-जास्त पत्रक, तयार होतं आणि प्रत्येक प्लॉटचा वेगळा सातबारा निघतो. खुल्या जागेचाही निघतो, आणि तो निघतो मूळ मालकाच्याच नावावर. रस्त्यांचंही बहुधा तसंच. मंजुरीच्या आदेशात अट असते की रस्ते आणि खुली जागा विहित हेतूसाठीच ठेवावी, स्थानिक संस्थेकडे वर्ग करावी. आदेश फायलीत जातो. दहा-पंधरा वर्षांनी मूळ मालक वारतो, वारसांची नावं लागतात, त्यांना सोळा गुंठ्यांचा कोरा सातबारा दिसतो आणि ते कुंपण घालतात. कधी वारस विकूनही मोकळे होतात. रहिवासी जागे होतात तेव्हा खोदाई सुरू झालेली असते.

शिरूर तालुक्यातल्या एका ग्रामपंचायतीच्या सरपंच ताईंनी मला बोलावलं तेव्हा त्यांच्या गावात असाच तंटा पेटला होता. मी त्यांना एवढंच सुचवलं की या एका जागेच्या मागे लागू नका, गावातल्या सगळ्या मंजूर ले-आऊटची यादी काढा. यादी ग्रामपंचायतीकडे नव्हती. प्रांत कचेरीतून आदेशांच्या नकला मागवल्या, आमच्या जुन्या शाखेतून नकाशे मिळाले, तलाठी भाऊसाहेबांनी गट नंबर जुळवून दिले. प्रत्येक जागेवर आम्ही गेलो. एका खुल्या जागेवर मंदिर होतं, एकीवर कुणाची तरी विटांची चूल आणि वाळूचे ढीग, एक अजून पूर्ण मोकळी आणि तिथे पोरं क्रिकेट खेळत होती. ताईंनी ग्रामसभेत ठराव घेतला, मालकांना आदेशातल्या अटीची आठवण देणारी पत्रं लिहिली. काहींनी लगेच लिहून दिलं. एका वृद्ध मालकानं तर स्वतः येऊन सांगितलं की आजवर कुणी मागितलंच नाही. काही भांडले, ती प्रकरणं अजून चालू आहेत. ज्या जागांचे फेरफार मंजूर झाले त्या आता ग्रामपंचायतीच्या स्थावर मालमत्तेच्या नोंदवहीत आल्या आहेत.

आता तिथे दुसरं काम सुरू आहे. पाच ले-आऊट एकमेकांना लागून आहेत, आणि त्यांचे अंतर्गत रस्ते प्रत्येकाच्या कुंपणाशी येऊन थांबतात. मधल्या दोन भिंती निघाल्या तर शाळेची बस महामार्गावर न जाता आतल्या आत फिरू शकते. एका वसाहतीतल्या रहिवाशांना वर्दळ वाढेल म्हणून ते नको आहे. त्यांच्याशी दोन बैठका झाल्या, तिसरी दिवाळीनंतर ठरली आहे. त्याच बैठकीत स्मशानभूमीकडे जाणाऱ्या पाणंद रस्त्याची मोजणी मागायचा अर्ज करायचा आहे. गावनकाशावर तो रस्ता आहे, जागेवर ऊस आहे. अर्जाला लागणाऱ्या नकाशाची प्रत मी काढून ठेवली आहे आणि मोजणीची फी तिथल्या भाड्याच्या खोल्यांच्या मालकांनी मिळून भरायचं कबूल केलं आहे.